चूक कुठे झाली, ते शोधू या

गेल्या काही वर्षांत पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, मुलाला कोडिंगच्या क्लासला घालू का?" विचारणारे कधी रिक्षा चालवणारे अब्बू असतात, कधी घरी शिलाई करणाऱ्या अम्मी. हातातल्या मोबाइलवर एखादी जाहिरात उघडी असते. जाहिरातीत चष्मा लावलेला एक गोंडस मुलगा असतो आणि खाली फी लिहिलेली असते. ती फी वाचून आम्हालाच घाम फुटतो. मागच्या वर्षी एका आईने सभा संपल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारले, "कानातल्या बाळ्या मोडल्या तर चालेल का? मुलगा मागे पडायला नको."

तेव्हा आम्ही त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. कारण ज्याबद्दल त्या विचारत होत्या, ते आम्ही स्वतः कधी वर्गात शिकवलेच नव्हते. यंदा तशी संधी मिळाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेने आपल्याकडचे तीन छोटे रोबोट महिनाभर वापरायला दिले. त्या एका महिन्यात सहावीच्या मुलांनी काय शिकले आणि आम्ही स्वतः काय शिकलो, ते या वेळी सांगतो. त्या अम्मींचे उत्तरही त्यातच आहे.

रोबोट म्हटले की मुलांना सिनेमातला लोखंडी माणूस आठवतो. पेटी उघडली तेव्हा वर्ग थोडा नाराज झाला. आत तळहातावर मावेल एवढी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, चाकांवर चालणारी मधमाशी होती. हिचे नाव बी-बॉट. ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांत ही बरीच वापरली जाते. हिला पडदा नाही, इंटरनेट लागत नाही. पाठीवर फक्त सात बटणे असतात : पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थोडे थांब, सगळे पूस आणि मधोमध हिरवे 'चल'. 'पुढे' एकदा दाबले की ती बरोबर 15 सेंटिमीटर पुढे जाते. 'वळ' दाबले की जागच्या जागी 90 अंशांत वळते. आधी सगळे हुकूम क्रमाने दाबायचे आणि शेवटी 'चल' दाबायचे. मग ती ते हुकूम त्याच क्रमाने पाळते, आपल्या मनाचे काही करत नाही.

प्रोग्रामिंग म्हणजे मुळात एवढेच आहे. एक काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचे, पायऱ्यांचा क्रम लावायचा आणि तो अशा यंत्राला सांगायचा ज्याला आपल्या मनातले काहीच कळत नाही. वुजूची तरतीब आपल्या घरातले लहान मूलही बरोबर सांगते. बिर्याणीचे थर कोणत्या क्रमाने लावायचे, हे अम्मीला वही न उघडता ठाऊक असते. क्रमाने काम करणे आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ते असे काम एका अडाणी पण अत्यंत आज्ञाधारक यंत्राला समजावणे.

एका लग्नाचा जुना फ्लेक्स आम्ही उलटा पसरला आणि त्यावर 15 सेंटिमीटरचे चौकोन आखले. एका चौकोनात घर, दुसऱ्यात दवाखाना, मग किराणा दुकान, मस्जिद, एसटी स्टँड, शाळा. पहिले काम सोपे होते. रोबोटला घरातून दवाखान्यात न्यायचे. दवाखाना घरापासून दोन चौकोन पुढे आणि एक चौकोन उजवीकडे होता. मुलांनी पटापट बटणे दाबली : पुढे, पुढे, उजवीकडे वळ. मग 'चल'. रोबोट दोन घरे गेला, वळला आणि दवाखान्याकडे तोंड करून थांबला. आत काही गेला नाही.

"टीचर, ये सुनताच नहीं!" सगळे ओरडले.

तो ऐकत नव्हता असे नाही. जेवढे सांगितले तेवढे त्याने ऐकले होते. 'उजवीकडे वळ' म्हणजे फक्त वळणे, त्यात जाणे येत नाही. वळल्यावर आणखी एक 'पुढे' लागते. माणसाला "उजव्या हाताला दवाखाना आहे" म्हटले की तो वळतोही आणि जातोही, कारण उरलेले तो स्वतः समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. हा एवढा फरक मुलाच्या डोक्यात बसला की पहिला धडा झाला.

दुसरी गडबड डाव्या-उजव्याची. रोबोट आपल्याकडे तोंड करून येत असला की त्याचे उजवे आपल्या डाव्या बाजूला येते. इथे मोठी माणसेही चुकतात. आम्ही मुलांना विचारले, "हा रोबोट जेवायला बसला तर कोणत्या हाताने खाईल?" वर्ग हसला, पण त्यानंतर प्रत्येक वळणाला मुले त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची, स्वतःचा जेवायचा हात वर करून बघायची आणि मगच बटण दाबायची.

तिसरी गडबड आमच्या शाळेचीच खासियत म्हणावी लागेल. बटणे दाबण्याआधी मुलांनी कागदाच्या बाणांचे पत्ते जमिनीवर मांडायचे, असे ठरवले होते. एका गटाने पत्ते उर्दूच्या सवयीने उजवीकडून डावीकडे मांडले : पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. दुसऱ्या गटाने तेच पत्ते मराठी पुस्तकासारखे डावीकडून वाचले आणि बटणे दाबली. क्रम उलटा झाला : पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे. दवाखान्यात जाणारा रोबोट एसटी स्टँडवर पोहोचला. दोन्ही गट भांडायला उठले. प्रत्येकाचे म्हणणे, आम्ही बरोबर. खरे तर दोघेही बरोबर होते, फक्त आधी काही ठरले नव्हते. मग एका मुलीने सुचवले की प्रत्येक पत्त्यावर 1, 2, 3 असे आकडे घालू या. भांडण मिटले. दोन लिप्या शिकणारे आपले मूल गोंधळते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. इथे त्या दोन लिप्यांमुळेच मुलांना एक मोठी गोष्ट कळली. खूण आणि क्रम हे आपण आपसात ठरवायचे असतात आणि एकदा ठरले की सगळ्यांनी पाळायचे असतात.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

वर्गात एक हुशार मुलगा आहे. पहिल्या तिघांत येणारा, वही मोत्यासारखी. त्याच्या गटाचे काम होते सरळ ओळीत घरापासून शाळेपर्यंत जाणे. त्याने चौकोन मोजले आणि बटणे दाबली. रोबोट शाळेच्या चौकोनातून पुढे निघून एक घर पलीकडे थांबला. आम्ही त्या वेळी दुसऱ्या गटाकडे पाहत होतो. त्याने बोटाने रोबोट मागे ओढला, शाळेच्या चौकोनात नीट ठेवला आणि ओरडला, "हो गया!" त्याच्याच गटातल्या एका मुलीने ते पाहिले आणि सरळ सांगितले.

आम्हाला राग आला. सगळ्यांसमोर त्याला बोललो, गटाकडून रोबोट काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला, पण रोबोटला हात लावेना. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारले, असे का केलेस? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "टीचर, गलत दिखा तो आप लाल पेन से गोल करते ना."

हे वाक्य अजून कानात आहे. वीस वर्षांच्या आसपास आम्ही वह्या तपासत आलो. चुकीभोवती लाल गोल करायचा आणि पुढे जायचे. तो गोल पाहून मूल काय शिकते, याचा विचार आम्ही केला नव्हता. ते मूल शिकले होते की चूक दिसता कामा नये. घरी निकालाच्या दिवशी अब्बूंचा हात उठत असेल, तर हा धडा आणखी पक्का होतो. मग हुशार मूल चूक सुधारण्याऐवजी लपवायला शिकते. आज बोटाने रोबोट सरकवतो, उद्या दुकानाच्या हिशेबात आकडा सरकवेल. आपण घरी ईमानदारीची तालीम देतो आणि दुसरीकडे खरे सांगणाऱ्यालाच मार पडेल अशी व्यवस्था ठेवतो. दोन्ही एकत्र कसे चालेल?

त्याला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. बोटाने सरकवणे गैर होते, ते गैरच राहील. आणि त्याला एवढी भीती वाटावी असे वागणे, ही आमची चूक होती. मग दोघांनी फ्लेक्सवर बसून पुन्हा मोजले. त्याने घराचा चौकोनही मोजला होता. उभे असलेल्या जागेला 'एक' म्हणून सुरुवात केली, म्हणून एक पाऊल जास्त पडले. गल्लीत एका ओळीत दहा खांब असले तर त्यांच्यामधली अंतरे नऊच असतात, हे उदाहरण दिल्यावर त्याचा चेहरा खुलला. ही चूक संगणकाच्या क्षेत्रातले मोठमोठे लोकही करतात, हे सांगितल्यावर तर तो हसला.

त्या दिवसापासून प्रत्येक गटाला 'चुकांची वही' दिली. तिच्यात चार रकाने : आम्हाला काय हवे होते, रोबोटने काय केले, गडबड कोणत्या पत्त्यात होती, काय बदलले. पहिली नोंद आम्ही स्वतःची केली. आधीच्या गटाचे हुकूम 'सगळे पूस' बटणाने न पुसता नवे दाबले होते, त्यामुळे रोबोट आधी जुने हुकूम पाळत भलतीकडे गेला. टीचरची चूक वहीत आली म्हटल्यावर मुलांचा धीर वाढला. आठवडाभरात गट आपणहून बोलवायला लागले, "टीचर, हमारी गलती मिल गई!" चूक सापडली म्हणून आनंदाने ओरडणारी मुले आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

ही कल्पना आमची नाही. सीमोर पॅपर्ट नावाचे गणिताचे अभ्यासक होते. जन्म 1928 चा, दक्षिण आफ्रिकेतला. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काम केले, मग अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. 1967 मध्ये त्यांनी सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयर्झाइग यांच्या साथीने मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्या जोडीला जमिनीवर चालणारे, पेनने रेघ ओढणारे एक यंत्र आले. त्याला ते कासव म्हणत. संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे, असे पॅपर्ट यांचे म्हणणे होते. आणि प्रोग्राम चुकला तर 'बरोबर की चूक' एवढेच न विचारता 'दुरुस्त कसा होईल' हे विचारावे. 1980 च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी हे मांडले. पुढे लेगो कंपनीने आपल्या रोबोट संचाला याच पुस्तकाचे नाव दिले.

शाळेच्या संगणकावर आम्ही लोगोचे कासवही चालवले. चौकोन सगळ्यांना जमला : पुढे जा, 90 अंश वळ, असे चार वेळा. मग समभुज त्रिकोण काढायला सांगितला. पुस्तकात त्याचा कोन 60 अंश आहे, म्हणून मुलांनी 60 अंश वळवले. त्रिकोण काही बंद होईना, अर्धा षटकोन तयार झाला. शेवटी एक मुलगी उठली आणि स्वतः कासव होऊन वर्गात चालू लागली. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो." 180 वजा 60, म्हणजे 120. तीन वेळा 120 केले की 360. चौकोनात चार वेळा 90, तेही 360. फेरी पूर्ण करून पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करायचे तर एकूण 360 अंशच वळावे लागते. बाह्यकोनांचा हा नियम आम्ही फळ्यावर कितीदा लिहून दिला होता. तिने तो पायांनी शोधला.

ही मुलगी आधी रोबोटला हातच लावत नसे. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक गटात मुलगे रोबोट धरून बसत आणि मुलींकडे वही सरकवत. आम्हाला ते चार दिवसांनी लक्षात आले, हेही कबूल करायला हवे. मग तीन कामे ठरवली : पत्ते मांडणे, बटणे दाबणे, वही लिहिणे. दर दहा मिनिटांनी कामे बदलायची. आणि दिसले असे की वही लिहिणाऱ्या मुलींना गडबड नेमकी कुठे आहे ते आधी कळत होते, कारण प्रत्येक पायरी त्यांच्या हातून गेली होती. त्यांना फक्त बटणापर्यंत हात पोहोचू देण्याची गरज होती. घरातही मुलगा-मुलगी दोघे असतील, तर संगणकाची पाळी लावताना हे ध्यानात ठेवा.

असा विषय निघाला की आपल्याकडे पूर्वजांचा अभिमान लगेच जागा होतो, आणि तो खोटाही नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी गणिते पायऱ्यापायऱ्यांनी सोडवायच्या रीती लिहिल्या. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. त्यांच्या अल-जब्रच्या किताबेत विरासतीच्या वाटणीची कितीतरी उदाहरणे आहेत. अल-जझरी यांनी 1206 मध्ये दियारबकरच्या दरबारात यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्यावर तरंगणारी, वादक पुतळ्यांची नाव आहे. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या पुतळ्यांचे हात हलवत. खुंट्यांच्या जागा बदलल्या तर तालही बदलू शकला असता, असे आजचे अभ्यासक सांगतात. मुलांना हे जरूर सांगावे. पण त्या बुजुर्गांनीही कितीतरी यंत्रे बिघडवून, पुन्हा जोडून मगच ती नीट चालवली असतील, हेही सोबत सांगावे. नुसत्या फख्राने एकही चाक फिरत नाही.

आता त्या अम्मींच्या प्रश्नाकडे वळतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगची ओळख व्हावी असे म्हटले आहे. म्हणजे सहावीच्या आधी मूल 'मागे पडले' अशी भीती कोणी घालत असेल, तर घाबरू नका. केंद्र सरकारच्या योजनेतून देशात 10,000 शाळांत अटल टिंकरिंग लॅब मंजूर झाल्या आहेत. त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असतात आणि त्यांत रोबोटिक्सचे साहित्य असते. आपल्या किंवा जवळच्या शाळेत अशी लॅब आहे का, ती उघडी असते की कुलपात, हे पालकसभेत विचारा. आपण विचारले की कुलूप लवकर उघडते.

घरी संगणक असेल तर एमआयटीत तयार झालेला 'स्क्रॅच' मोफत मिळतो. साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी तो आहे. त्याहून लहान मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' आहे, त्यात चित्रांचे ठोकळे जोडायचे असतात, वाचता येण्याची गरज नाही. आणि काहीच नसेल तर घरची फरशी आहे. कागदाचे बाण कापा. अब्बूंना रोबोट करा. मुलाने पत्ते मांडून त्यांना दारापासून पाण्याच्या माठापर्यंत न्यायचे. अब्बूंनी एकच नियम पाळायचा, जेवढे सांगितले तेवढेच करायचे. भिंत आली तरी 'पुढे' म्हटले तर थांबून म्हणायचे, "धडक बसली, गडबड शोध." मगरिबनंतरची वीस मिनिटे यासाठी पुरतात. अम्मींना क्रोशा येत असेल तर मुलीला विणकामाचा एक नमुना पायऱ्यांत लिहायला सांगा. "इतक्या साखळ्या, मग एक खांब, हे सहा वेळा पुन्हा", हाही प्रोग्रामच आहे.

पुढे मुलाला गोडी लागली आणि क्लास लावायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. मूल तिथे स्वतः काही बनवते की नुसते व्हिडिओ बघते? आणि बनवलेले बिघडले तर शिक्षक ते स्वतः दुरुस्त करून देतात, की मुलाला शोधायला लावतात? ताबडतोब दुरुस्त करून देणारा क्लास महाग असला तरी उपयोगाचा नाही. कोर्स केला की नोकरी पक्की, असे सांगणाऱ्यापासून तर दूरच राहा.

महिना संपला, रोबोट परत गेले. चुकांची वही मात्र आम्ही बंद केली नाही, आता ती गणितातही चालू आहे. लाल पेन अजून आमच्याकडे आहे, पण गोल करण्याऐवजी शेजारी लिहितो, "इथपर्यंत बरोबर. पुढची पायरी पुन्हा बघ." वेळ जास्त जातो. परवा त्याच हुशार मुलाने वही आणून दिली. उदाहरण चुकले होते. खाली त्यानेच लिहिले होते, "तिसऱ्या पायरीत गडबड आहे, अजून सापडली नाही." त्याने ती लपवली नव्हती.

त्या अम्मी या महिन्यात पुन्हा भेटल्या. आम्ही त्यांना सांगितले, बाळ्या कानातच राहू द्या. मुलगा रात्री वही उघडेल तेव्हा शेजारी बसा आणि उत्तर चुकले तर हात उचलण्याआधी एवढेच विचारा, "बेटा, गडबड कुठे झाली, दाखव बरं." याला फी पडत नाही.